एचआयव्ही आणि अँटीबॉडीवरचा ऑनलाइन कोर्स केला, त्याचा रिव्ह्यू (निदान चौथा भाग तरी बघाच)

गेली अकरा वर्षं लॅबमध्ये एचआयव्हीच्या टेस्ट लावतेय, त्यामुळे अँटीबॉडी हा शब्द दिवसातून पन्नासदा तोंडात येतो, पण खरं सांगायचं तर ही अँटीबॉडी शरीरात नेमकं करते काय हे मला कॉलेजात पाठ केलेल्या दोन ओळींच्या पुढे माहीत नव्हतं. व्हायरसला चिकटते आणि त्याला निकामी करते, बास. कधीकधी समुपदेशनाच्या खोलीतून मला बोलावणं येतं, टेस्टबद्दल काही टेक्निकल विचारायचं असलं की, आणि तिथे बसलेला माणूस घाबरलेला असतो, पण एक आशेचा धागा पकडून विचारतो, "मॅडम, अँटीबॉडी सापडल्या म्हणताय, मग चांगलंच ना ते? कोविडमध्ये तर अँटीबॉडी आल्या की लोक खूश व्हायचे." ह्या प्रश्नाला मी इतकी वर्षं गोलगोल उत्तर देत आले. अँटीबॉडी आहेत म्हणजे इन्फेक्शन झालेलं आहे, एवढं सांगायचे. पण मग अँटीबॉडी असूनही व्हायरस जात का नाही, ते सांगता यायचं नाही.

म्हणून हा कोर्स घेतला. सहा भाग आहेत, सगळे रेकॉर्ड केलेले, मिळून साधारण नऊ तास, शिकवणाऱ्या बाई इम्युनॉलॉजीच्या प्राध्यापक आहेत आणि फळ्यावर स्वतः चित्रं काढून शिकवतात. कोर्सचं नाव इथे देत नाही कारण खाली तक्रारी आहेत आणि त्या मी त्यांना थेट लिहून कळवल्यात. पाचपैकी चार स्टार दिलेत. त्यातला अर्धा स्टार सबटायटल्सनी खाल्ला आणि अर्धा शेवटच्या भागाने, त्याबद्दल पुढे लिहितेच.

पहिला भाग अँटीबॉडीच्या रचनेवर आहे. वाय अक्षरासारखा आकार, दोन हात आणि एक शेपूट, हे आपण सगळ्यांनी चित्रात बघितलेलं असतं. पण ते कळलं कसं हे बाईंनी सांगितलं ते मला फार आवडलं. रॉडनी पोर्टर ह्यांनी पपेन नावाचं एन्झाइम वापरून अँटीबॉडीचे तुकडे केले, तर दोन तुकडे असे निघाले जे अँटिजेनला, म्हणजे अँटीबॉडी ज्या परक्या गोष्टीला ओळखते तिला, पकडतात आणि तिसरा असा निघाला की तो काहीच पकडत नव्हता पण त्याचे स्फटिक सहज तयार व्हायचे, म्हणून त्याचं नाव पडलं एफसी, म्हणजे स्फटिक होणारा तुकडा. ह्या कामासाठी पोर्टर आणि जेराल्ड एडेलमन ह्यांना 1972 चं नोबेल मिळालं. ह्या एफसीला बाई सगळीकडे शेपूट म्हणतात, मीही तेच म्हणते. आणि पूर्ण कोर्सचा गाभा ह्या शेपटीत आहे, म्हणजे मी तरी तसंच घेतलं.

इथे मला माझ्याच कामाची एक गोष्ट नव्याने दिसली आणि व्हिडिओ थांबवून मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले. जुन्या पद्धतीच्या, इनडायरेक्ट एलायझामध्ये, म्हणजे रंगावरून अँटीबॉडी ओळखायच्या टेस्टमध्ये, आपण काय करतो? प्लेटच्या वेलमध्ये तळाला व्हायरसची प्रोटीनं चिकटवलेली असतात, त्यात सीरम टाकायचं, अँटीबॉडी असेल तर ती हातांनी ते प्रोटीन पकडून बसते, मग धुवायचं, मग कंज्युगेट (रंग आणणारं एन्झाइम जोडलेली दुसरी अँटीबॉडी) टाकायचं, परत धुवायचं, सब्सट्रेट (त्या एन्झाइमने रंग बदलणारं द्रावण) टाकलं की वेल निळं होतं आणि स्टॉप सोल्युशन पडलं की पिवळं. हे मी झोपेतही करू शकते. पण तो कंज्युगेट पकडतो कशाला? मुख्यतः अँटीबॉडीच्या शेपटीला! हात गुंतलेले, शेपूट बाहेर मोकळी, आणि त्या शेपटीला येऊन दुसरं कोणीतरी चिकटतं आणि पुढचं काम होतं. शरीरातही अगदी हेच होतं, फक्त तिथे कंज्युगेटच्या जागी जिवंत पेशी असते आणि रंगाच्या जागी मरण.

दुसरा भाग व्हायरसवर. 1983 साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि लुक माँटानिए ह्यांच्या टीमने तो शोधला, 2008 मध्ये त्याबद्दल नोबेल, हा इतिहास पटकन उरकलाय आणि बरं केलंय. खरा वेळ दिलाय तो व्हायरसच्या अंगावरच्या खुंट्यांना, म्हणजे जीपी120 आणि जीपी41 मिळून बनलेल्या एन्व्हलप प्रोटीनला. इन्फ्लुएन्झाच्या व्हायरसवर अशा खुंट्या शेकड्यांनी असतात आणि एचआयव्हीवर साधारण 14 च्या आसपास, लांब लांब विखुरलेल्या, त्यामुळे अँटीबॉडीला दोन्ही हातांनी दोन खुंट्या एकदम पकडणं जमत नाही, एका हाताने लोंबकळावं लागतं. वरून जीपी120 च्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग साखरेचा, आणि ती साखर आपल्याच पेशीने चढवलेली, त्यामुळे आपल्या इम्यून सिस्टिमला ती परकी वाटतच नाही. शिवाय व्हायरस सतत रूप बदलतो, आज बनलेली अँटीबॉडी ज्या व्हायरससाठी बनली तो तोपर्यंत पुढे निघून गेलेला असतो. त्या समुपदेशनाच्या खोलीतल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथेच मिळालं.

तिसऱ्या भागाबद्दल जास्त लिहीत नाही. ब्रॉडली न्यूट्रलायझिंग अँटीबॉडी, म्हणजे एकाच वेळी व्हायरसच्या खूप वेगवेगळ्या स्ट्रेनना (उपप्रकारांना) अडवणाऱ्या दुर्मीळ अँटीबॉडी, त्यातली 2010 मध्ये जाहीर झालेली व्हीआरसी01, आणि तिच्यावर झालेले एएमपी नावाचे दोन मोठे ट्रायल. साडेचार हजारांहून जास्त लोकांना दर 8 आठवड्यांनी सलाइनमधून ही अँटीबॉडी दिली, किंवा नुसतं प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं सलाइन. 2021 मध्ये निकाल आला, एकूणात इन्फेक्शन थांबलं नाही, पण जे स्ट्रेन ह्या अँटीबॉडीला सेन्सिटिव्ह होते त्यांच्यापुरतं बघितलं तर संरक्षण साधारण 75 टक्के होतं. हे ठीक शिकवलंय, थोडं कोरडं वाटलं.

आता चौथा भाग. ह्याच्यासाठी पूर्ण कोर्स घेतला असता तरी चाललं असतं.

बाई सुरुवातच अशी करतात की आत्तापर्यंत आपण मोकळ्या फिरणाऱ्या व्हायरसबद्दल बोललो, तो पेशीत घुसण्याआधी अँटीबॉडीने पकडला तर उत्तम, पण एकदा तो आत गेला, आपल्या डीएनएमध्ये जाऊन बसला की अँटीबॉडी आत शिरू शकत नाही, मग तिचा उपयोग संपला का? आणि मग त्या फळ्यावर एक मोठी पेशी काढतात, इन्फेक्शन झालेली सीडी4 पेशी (अंगावर सीडी4 नावाचं प्रोटीन असलेली पांढरी पेशी, एचआयव्ही हिच्यातच घुसतो), आणि तिच्या बाहेरच्या भिंतीवर लाल खडूने खुंट्या काढतात. कारण नवीन व्हायरस बाहेर पडायचा तर त्याच्या खुंट्या आधी पेशीच्या पृष्ठभागावर याव्या लागतात, म्हणजे आतली गोष्ट बाहेर दिसायला लागते. तिथे अँटीबॉडी येऊन चिकटते. ती त्या पेशीला मारत नाही. तिच्यात मारायची ताकदच नाही. ती फक्त हाताने खुंटी धरून बसते आणि शेपूट बाहेर ठेवते.

मग येते एनके सेल, म्हणजे इन्फेक्शन झालेल्या पेशी मारणारी पांढरी पेशी. तिच्या अंगावर सीडी16 नावाचा रिसेप्टर असतो, तो ह्या शेपट्या पकडतो. एक शेपूट पकडून काही होत नाही, बऱ्याच शेपट्या एका जागी गोळा झाल्या की मगच एनके सेलला इशारा पोचतो, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटलं कारण रक्तात मोकळ्या अँटीबॉडी कोट्यवधी फिरत असतात, प्रत्येकीला बघून एनके सेल पेटायला लागली तर आपणच संपू. इशारा पोचला की एनके सेल त्या पेशीला घट्ट चिकटते, दोघींच्या मधल्या बारीक फटीत आपल्या पिशव्या रिकाम्या करते, त्यातलं परफोरिन पेशीच्या भिंतीला भोकं पाडतं आणि ग्रॅन्झाइम आत जाऊन पेशीला स्वतःलाच संपवायला लावतं. ह्याला एडीसीसी म्हणतात. हे सगळं बाई हाताच्या बोटांनी दाखवतात, एका हाताची बोटं वाय करून आणि दुसऱ्या हाताची मूठ त्या शेपटीवर मिटवून, आणि ते दृश्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. ह्याशिवाय मॅक्रोफेज नावाच्या पेशी तीच शेपूट पकडून पेशी किंवा व्हायरस गिळतात, आणि कॉम्प्लिमेंट म्हणून रक्तातली प्रोटीनं असतात ती पण शेपटीवरच सुरू होतात, पण कॉम्प्लिमेंटपासून बचाव करणारी सीडी55 आणि सीडी59 ही आपलीच प्रोटीनं एचआयव्ही बाहेर पडताना पेशीच्या भिंतीबरोबर उचलून नेतो, म्हणून तो रस्ता त्याच्यावर तितका चालत नाही.

इथपर्यंत ऐकून वाटतं की मग झालंच की काम. आणि मग बाई खडू बदलतात आणि व्हायरस ह्यातून कसा निसटतो ते सांगतात, आणि तो वीस मिनिटांचा तुकडा माझ्या मते पूर्ण कोर्समधला सगळ्यात भारी आहे.

मुद्दा असा. एन्व्हलपची खुंटी जेव्हा सीडी4 ला चिकटते तेव्हा ती उघडते, फुलाची पाकळी उघडावी तशी, आणि तिच्या आतले एरवी झाकलेले भाग उघडे पडतात. आता गंमत म्हणजे बहुतेक एचआयव्ही असलेल्या लोकांच्या रक्तात ह्या आतल्या भागांना ओळखणाऱ्या अँटीबॉडी भरपूर असतात. दुर्मीळ नाहीत, साध्या, रोजच्या. त्या मोकळ्या व्हायरसला अडवू शकत नाहीत कारण तिथे खुंटी मिटलेली असते. पण इन्फेक्शन झालेल्या पेशीच्या अंगावर तर सीडी4 आहेच, खुंट्याही तिथेच, मग त्या एकमेकींना चिकटणार, खुंट्या उघडणार, ह्या साध्या अँटीबॉडी चिकटणार आणि एनके सेल येऊन पेशी संपवणार. व्हायरसला हे परवडणारं नाही. म्हणून तो नेफ आणि व्हीपीयू अशी दोन प्रोटीनं बनवतो आणि ती दोन्ही पेशीच्या अंगावरची सीडी4 ओढून काढून टाकतात. व्हीपीयू आणखी एक करतं, टेथरिन नावाचं आपलं प्रोटीन आहे जे बाहेर पडणाऱ्या व्हायरसला दोरीने बांधल्यासारखं पेशीला धरून ठेवतं, त्यालाही हटवतं, नाहीतर पेशीच्या अंगावर व्हायरस साचत गेले असते आणि अँटीबॉडीला चिकटायला जागाच जागा मिळाली असती. आणि खुंटीच्या आतल्या टोकाला एक अशी खूण आहे की बाहेर आलेली खुंटी पेशी परत आत ओढून घेते, म्हणजे बाहेर दिसायला थोड्याच राहतात. तीन तीन बंदोबस्त, एकाच गोष्टीसाठी, की ही पेशी अँटीबॉडीला दिसू नये.

मी हे ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा असं वाटलं की अरे, म्हणजे आपल्या अँटीबॉडी निरुपयोगी नव्हत्याच. ज्या गोष्टीपासून लपायला व्हायरसने इतका खटाटोप केलाय ती गोष्ट त्याच्या जिवावर उठणारी असणार. मी इतकी वर्षं रिअॅक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह, वेल बघून ह्या अँटीबॉडींना नुसती खूण समजत होते, इन्फेक्शनची पावती. त्या रोज तिथे झुंजत असतात हे कधी डोक्यात आलं नाही.

ह्यावरून पुढे सीडी4 मिमेटिक म्हणून छोट्या रेणूंवर संशोधन चालू आहे ते सांगितलंय, म्हणजे बाहेरून असं औषध द्यायचं जे सीडी4 असल्याचं सोंग घेऊन खुंटी उघडेल आणि मग शरीरात आधीपासून असलेल्या साध्या अँटीबॉडी कामाला लागतील. आणि एक अडचण पण प्रामाणिकपणे सांगितलीय, की इन्फेक्शन झालेल्या पेशींमधून जीपी120 गळून पडतं आणि ते शेजारच्या निरोगी सीडी4 पेशींना जाऊन चिकटतं, मग अँटीबॉडी त्या निरोगी पेशीवर बसते आणि चुकीची पेशी मरू शकते. प्रयोगशाळेत एडीसीसी मोजताना सुद्धा ह्यामुळे आकडे फसवे येऊ शकतात. टेस्टिंगमध्ये काम करणाऱ्यांनी हा तुकडा जरूर ऐका, फॉल्स रीडिंग म्हणजे काय हे आपल्यापेक्षा कोणाला जास्त कळणार.

पाचव्या भागात पुरावे आहेत. 2007 मधला माकडांवरचा प्रयोग, बी12 नावाची अँटीबॉडी घेतली, हात तसेच ठेवले आणि फक्त शेपूट अशी बदलली की पेशींचे रिसेप्टर ती पकडू शकणार नाहीत, तर संरक्षण कमी झालं. आणि नुसता कॉम्प्लिमेंटचा भाग बंद केला तर फरक पडला नाही. किती साधा आणि स्वच्छ प्रयोग! मग 2016 मधलं 3बीएनसी117 वरचं काम, त्यात उंदरांमध्ये मानवी पेशी घालून दाखवलं की ही अँटीबॉडी दिली की इन्फेक्शन झालेल्या पेशी लवकर नाहीशा होतात आणि शेपटीची पकड बिघडवली की तो परिणाम जातो. आणि थायलंडचा आरव्ही144 लशीचा ट्रायल, 16,000 हून जास्त स्वयंसेवक, 2009 मध्ये निकाल, संरक्षण 31.2 टक्के. लस त्या मानाने कमजोरच, पण 2012 मध्ये नमुने तपासले तेव्हा ज्यांच्यात खुंटीच्या व्ही1व्ही2 भागाविरुद्ध आयजीजी ह्या प्रकारच्या अँटीबॉडी जास्त होत्या त्यांना इन्फेक्शनचा धोका कमी दिसला, आणि ज्यांच्यात आयजीए हा अँटीबॉडीचा दुसरा प्रकार कमी होता त्यांच्यात एडीसीसीचाही तसा संबंध दिसला. तीच पद्धत घेऊन दक्षिण आफ्रिकेत केलेला ट्रायल 2020 मध्ये उपयोग होत नाही म्हणून थांबवावा लागला, हेही बाईंनी लपवलं नाही. मला हे आवडलं. ज्या गोष्टीवर स्वतःचं प्रेम आहे तिचं अपयश सांगायला मन मोठं लागतं.

आता तक्रारी.

सबटायटल्स. मूळ व्याख्यान इंग्रजीत आहे आणि मराठी सबटायटल्स मशीनने केलेली आहेत, कोणी माणसाने एकदाही वाचलेली नाहीत असं दिसतं. कॉम्प्लिमेंट सिस्टिमला "कौतुक प्रणाली" लिहिलंय, आख्ख्या भागभर. ज्याला विषय माहीत नाही तो काय समजणार? एका ठिकाणी "नॉन-न्यूट्रलायझिंग" (म्हणजे मोकळ्या व्हायरसला न अडवणाऱ्या त्या साध्या अँटीबॉडी) मधला नॉनच गायब आहे, त्यामुळे वाक्याचा अर्थ बरोबर उलटा झालाय आणि नेमका तो चौथ्या भागातला कळीचा मुद्दा आहे. नर्सिंगची, डीएमएलटीची (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाची) किती मुलं मराठी सबटायटल्सच्या भरवशावर हा कोर्स घेत असतील. मी चुकांची यादी वेळेसकट लिहून पाठवलीय.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. सहावा भाग लपून बसलेल्या पेशींवर आहे. काही पेशींमध्ये व्हायरस डीएनएमध्ये नुसता झोपून असतो, खुंट्या बनवतच नाही, मग अँटीबॉडी पकडणार काय? त्याला आधी औषधाने जागं करायचं आणि मग अँटीबॉडीने मारायचं अशी कल्पना आहे, आणि ती समजावून सांगायला फक्त पंचवीस मिनिटं दिलीयत, वर शेवटच्या स्लाइडवर असं चित्र आहे की जणू पूर्ण इलाज दारात येऊन उभा आहे. तसं नाहीये. जागं करायची औषधं आत्तापर्यंत वापरून बघितली त्यांनी हा साठा म्हणावा तसा कमी झालेला नाही. मला भीती ही वाटते की एखादा एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या घेणारा माणूस हे बघेल आणि त्याला वाटेल आता गोळ्या सोडल्या तरी चालेल. नाही चालत. गोळ्या थांबवल्या की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच व्हायरस परत वर येतो. आणि गोळ्या नियमित घेऊन व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) अनडिटेक्टेबल, म्हणजे टेस्टमध्ये न सापडण्याइतका कमी, राहिला तर लैंगिक संबंधातून दुसऱ्याला इन्फेक्शन जात नाही, एवढी मोठी गोष्ट आज हातात आहे, तिचा उल्लेख सुद्धा ह्या भागात नाही. हे मी त्यांना ठळक करून लिहिलंय.

तिसरी छोटी. टेस्टिंगशी जोडणारा एक तरी धडा हवा होता. उदाहरणार्थ आईकडून बाळाला अँटीबॉडी जातात त्या सुद्धा शेपूट पकडूनच जातात, वारेमध्ये एफसीआरएन नावाचा रिसेप्टर असतो तो आयजीजीची शेपूट धरून तिला पलीकडे पोचवतो. म्हणून एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाची अँटीबॉडी टेस्ट बाळाला इन्फेक्शन नसतानाही 18 महिन्यांपर्यंत रिअॅक्टिव्ह येऊ शकते, आणि म्हणूनच लहान बाळांना पीसीआर, म्हणजे थेट व्हायरस शोधणारी टेस्ट, करावी लागते. आयांना हे समजावणं किती अवघड जातं ते मी जवळून बघितलंय. बाईंच्या हातून हे शिकायला मिळालं असतं तर सोनं झालं असतं.

कोर्स संपवून आठवडा झाला असेल, समुपदेशनाच्या खोलीतून परत बोलावणं आलं. एक ताई होत्या, तीन वर्षं गोळ्या चालू, व्हायरल लोड अनडिटेक्टेबल, आणि कुठेतरी परत केलेली टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून रडत होत्या, त्यांना वाटलं औषध काम करत नाहीये. मी कागदावर वाय काढला. सांगितलं की ही टेस्ट व्हायरस मोजत नाही, तुमच्या शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेल्या ह्या अँटीबॉडी बघते, आणि त्या अजून पहाऱ्यावर आहेत, औषधाने व्हायरस दाबलाय तरी त्या राहणार, तुमचा व्हायरल लोडचा रिपोर्ट बघा, तो खरा. त्यांनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

तर घ्यायचा असेल तर घ्या. पहिला आणि दुसरा भाग सलग बघा, तिसरा घाईत चालेल, चौथ्याला मात्र शांत वेळ काढा, सबटायटल्स बंद ठेवा, कागद-पेन जवळ घ्या आणि बाई खडू बदलतात तिथून पुढचं दोनदा बघा. सहाव्या भागाची शेवटची स्लाइड ते बदलणार आहेत असं उत्तर आलंय. बदलली की इथे लिहीन आणि तो अर्धा स्टार परत देईन.